पहिला पाच व्होल्टचा सप्लाय: आधी उष्णतेचा हिशेब, मग सोल्डर

गेल्या उन्हाळ्यात शेजारची मुलगी कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन आली. एक मायक्रोकंट्रोलर, एक रिले (विजेने चालणारा स्विच), छोटा डिस्प्ले आणि या सगळ्यांना पाच व्होल्ट पुरवणारा ७८०५, म्हणजे जास्तीचे व्होल्ट घेऊन ठरलेले पाच देणारा तीन पायांचा रेग्युलेटर. चालू केल्यावर मिनिटभर सगळं नीट चालायचं, मग डिस्प्ले विझायचा, काही सेकंदांनी पुन्हा लागायचा, पुन्हा विझायचा. "काका, प्रोग्रॅम दहा वेळा वाचला, चूक सापडत नाही," ती म्हणाली. दोन रात्री तिने त्यातच घालवल्या होत्या. मी ७८०५ च्या पाठीवर बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं.

प्रोग्रॅम बरोबर होता. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून ७८०५ ला १६ व्होल्ट मिळत होते आणि सर्किट पाऊण-एक नव्हे, फक्त पाव अँपिअर ओढत होतं. १६ मधले ५ बाहेर जातात, उरलेल्या ११ व्होल्टची उष्णता ७८०५ च्या अंगात होते. ११ गुणिले ०.२५, म्हणजे पावणेतीन वॅट. उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा, म्हणजे हीटसिंक, नव्हता. तापून तो स्वतःला बंद करत होता आणि थंड झाला की पुन्हा सुरू होत होता. त्याच्या आतच ही सोय असते, म्हणून तो वाचला. दुसरा एखादा पार्ट असता तर त्याच दिवशी गेला असता.

हा हिशेब करायला एक मिनिट लागतं आणि तो कागदावर करता येतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सर्किट कसं जोडायचं ते शिकवलं जातं, पण ते किती तापेल हे आधी काढायला फार कमी जण शिकवतात. म्हणून खाली एक अगदी साधं काम घेतलं आहे: घरच्या २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर देणारा सप्लाय. तो बांधता बांधता करंट, उष्णता आणि संरक्षण या तिन्ही गोष्टी आपोआप हाताखालून जातात.

सुरुवातीलाच एक गोष्ट. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट आहेत आणि ते जीव घेऊ शकतात. तुम्ही हे पहिल्यांदाच करत असाल तर त्या बाजूचं काम जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा. प्लग काढल्याशिवाय त्या बाजूला हात लावायचा नाही. स्विच बंद केला एवढं पुरत नाही, कारण जुन्या घरांत कित्येकदा स्विच न्यूट्रलमध्ये बसवलेला असतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर या छंदाच्या निमित्ताने तो बसवून घ्या.

वॅट काढायची सवय

जेम्स जूल हा इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. १८४० च्या सुमारास त्याने तारेतून वीज सोडून, ती तार पाण्यात बुडवून, पाणी किती तापतं ते मोजलं. त्याला दिसलं ते असं: करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. इलेक्ट्रॉनिक्समधला जळण्याचा बहुतेक इतिहास या वर्गात दडलेला आहे. "थोडासाच जास्त करंट आहे" असं म्हणताना हा वर्ग विसरला जातो.

कामापुरती दोन सूत्रं पुरतात. एखाद्या पार्टच्या दोन टोकांमधले व्होल्ट गुणिले त्यातून जाणारे अँपिअर म्हणजे वॅट. आणि रोध माहीत असेल तर करंटचा वर्ग गुणिले ओहम म्हणजेही वॅटच.

उदाहरण घ्या. १२ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा आहे. एलईडी स्वतः साधारण २ व्होल्ट घेतो, रेझिस्टरला १० उरतात. १० मिलिअँपिअर हवे असतील तर १ किलोओहम. रेझिस्टरची उष्णता १० गुणिले ०.०१, म्हणजे ०.१ वॅट. दुकानात मिळणारा पाव वॅटचा रेझिस्टर आरामात चालेल. आता घाईत १ किलोऐवजी १०० ओहमचा उचलला आणि एलईडीची जागा चुकून शॉर्ट झाली तर? १२ व्होल्ट भागिले १०० म्हणजे ०.१२ अँपिअर, उष्णता १.४४ वॅट. पाव वॅटच्या अंगात जवळपास सहापट.

असा रेझिस्टर जळताना पाहिला आहे का? आधी त्याचा बदामी रंग मध्यभागी गडद होतो, मग एक तिखट वास येतो, आणि शेवटी पट्ट्यांचे रंग बदलतात. लाल पट्टा तपकिरी दिसू लागतो. त्यामुळे जळलेल्या रेझिस्टरचे रंग वाचून नवा आणायला गेलात तर चुकीची किंमत हाती येते. जळलेला रेझिस्टर बदलताना किंमत सर्किटच्या आकृतीतून घ्या, त्याच्या अंगावरून नाही.

माझा नियम साधा आहे: हिशेबात जेवढे वॅट येतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा रेझिस्टर. पाव वॅटचा असेल तर त्याला ०.१२ च्या पुढे राबवायचं नाही. त्याच्यावर छापलेली किंवा सांगितलेली क्षमता मोकळ्या हवेसाठी असते. तुमचा डबा बंद असतो आणि आपल्याकडे मे महिना असतो.

याच सूत्राचं दुसरं टोक म्हणजे लूज कनेक्शन. गीझरचा काळा पडलेला प्लग बहुतेक घरांत पाहायला मिळतो. २ किलोवॅटचा गीझर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो. प्लगची पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये ढिलेपणामुळे फक्त ०.२ ओहमचा रोध आला, तरी तिथे १५ वॅट उष्णता होते, आणि तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. वायर धडधाकट, गीझर धडधाकट, आणि प्लास्टिक वितळतंय. आपल्या सर्किटमध्येही तेच होतं. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीच्या) भोकांतल्या पत्र्याच्या क्लिपा वापरून ढिल्या पडतात, म्हणून ब्रेडबोर्डवर अर्ध्या अँपिअरच्या पुढे मी जात नाही. हा सप्लायही पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या रेघा असलेल्या पाटीवर, सोल्डर करूनच बांधा.

ट्रान्सफॉर्मर निवडताना

पाच व्होल्ट हवेत म्हणून सहाचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा असं वाटतं, आणि दुकानात १२ चा सहज मिळतो म्हणून बहुतेक जण तो घेतात. दोन्ही चुकीचे.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ९ व्होल्ट म्हणजे एसीची परिणामी (आरएमएस) किंमत. लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट असतं, म्हणजे १२.७. एसीचं डीसी करणारा ब्रिज चार डायोडचा असतो, आणि डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो; वाटेतले दोन डायोड मिळून पावणेदोन व्होल्ट खातात. पुढे वीज साठवून लाट सपाट करणारा कॅपॅसिटर असतो, त्यावर शिखराला सुमारे ११ व्होल्ट मिळतात. दोन शिखरांमध्ये कॅपॅसिटर रिकामा होत जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर सेकंदाला १०० शिखरं, म्हणजे दोन शिखरांत एक शतांश सेकंद. २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल तर अर्ध्या अँपिअरला तेवढ्या वेळात जास्तीत जास्त सव्वादोन व्होल्ट उतरतात. खाली तळाला पावणेनऊ. ७८०५ ला नीट काम करायला ७ व्होल्ट लागतात. जमलं.

हाच हिशेब ६ व्होल्टवर करून पाहा. शिखरच पावणेसातला येतं, सप्लाय चालणारच नाही. १२ वर चालेल, पण जास्तीचे सगळे व्होल्ट उष्णता होऊन जातील. शहरात ९ व्होल्ट योग्य. मात्र गावाकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० वर येतं हे अनेकांनी पाहिलं असेल. तेव्हा ९ चे ७ होतात, कॅपॅसिटरचा तळ सहाच्या आसपास येतो आणि सप्लाय कोलमडतो. अशा ठिकाणी १२ चाच घ्या, त्यासोबत मोठा हीटसिंक घ्या, आणि कॅपॅसिटर २५ ऐवजी ३५ व्होल्टचा लावा. मध्यरात्री लोड नसताना तेच व्होल्टेज वर चढतं, आणि रिकामा ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा पाचेक टक्के नाही, चांगले वीसेक टक्के जास्त देतो.

आता करंट. अर्धा अँपिअर हवा तर अर्ध्या अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरेल का? नाही. कॅपॅसिटर फक्त शिखराजवळच भरून घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून करंट सलग न वाहता जोराच्या झटक्यांनी वाहतो. सरासरी अर्धा अँपिअर, पण झटके दोन-अडीच अँपिअरचे. उष्णता वर्गाने वाढते, म्हणून वेटोळं अर्ध्या अँपिअरपेक्षा बरंच जास्त तापतं. डीसी करंटच्या पावणेदोन पट क्षमता धरायची. म्हणजे ०-९ व्होल्ट, १ अँपिअर. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागितलात तर लगेच मिळेल. हातात घेऊन वजन पाहा. एकाच क्षमतेचे दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर जड तो घ्या; लोखंड आणि तांबं जास्त असलेला कमी तापतो.

फ्यूज कोणाला वाचवतो

फ्यूज ट्रान्झिस्टरला वाचवत नाही, हे पहिलं समजून घ्यायचं. १ अँपिअरचा फ्यूज १.१ अँपिअरला उडत नाही. काचेच्या ५ बाय २० मिलिमीटरच्या फ्यूजचं आंतरराष्ट्रीय मानक असं आहे की दीडपट करंटला तो किमान तासभर टिकलाच पाहिजे, आणि जलद जातीचा फ्यूजसुद्धा २.१ पट करंटला उडायला अर्ध्या तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. दहापटीला मात्र तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत उडतो. ट्रान्झिस्टरच्या आतला सिलिकॉनचा तुकडा त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो. फ्यूज वायर वाचवतो, ट्रान्सफॉर्मर वाचवतो, आग टाळतो. त्याचं काम एवढंच, आणि ते फार मोठं काम आहे.

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. भिंग घेऊन वाचा. इंग्रजी एफ अक्षर म्हणजे जलद, टी म्हणजे सावकाश. ट्रान्सफॉर्मर चालू करताना पहिल्या क्षणी त्याचं लोखंड आणि रिकामा कॅपॅसिटर मिळून जोराचा करंट ओढतात, म्हणून इथे टी.

या सप्लायला दोन फ्यूज लावा. एक २३० व्होल्टच्या बाजूला. ९ व्होल्ट आणि १ अँपिअर म्हणजे ९ वॅटच्या आसपासचा ट्रान्सफॉर्मर. त्याला २३० वर ४० मिलिअँपिअर पुरतात. तिथे टी १०० मिलिअँपिअर. दुकानदार म्हणेल, "पाचशे मिलीचा घ्या, चालतो." घेऊ नका. एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरच्या बारीक वेटोळ्याचाच रोध इतका असतो की पुढे शॉर्ट झालं तरी तो अर्धा अँपिअर ओढेलच असं नाही. फ्यूज शाबूत राहील आणि ट्रान्सफॉर्मर आतल्या आत भाजत राहील; व्हार्निशचा तो गोडसर जळका वास एकदा घरात भरला की दिवसभर जात नाही. दुसरा फ्यूज ९ व्होल्टच्या बाजूला, ब्रिजच्या आधी, टी १ अँपिअर.

२३० चा फ्यूज फेजच्या वायरमध्येच हवा. न्यूट्रलमध्ये लावला तर तो उडेल, सर्किट बंद दिसेल, पण आत सगळीकडे फेज हजर असेल. दुरुस्तीला हात घालणाऱ्याचा घात अशानेच होतो.

उडालेल्या फ्यूजकडे नीट पाहिलं तर तो बोलतो. तार मध्येच तुटून दोन्ही टोकांना बारीक गोळी झाली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर करंट थोडाच जास्त होता, बराच वेळ होता. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल, तर थेट शॉर्ट आहे. नवा फ्यूज घालण्याआधी शॉर्ट शोधा. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवणं, किंवा किटकॅटमध्ये (फ्यूजतारेच्या जुन्या चिनी मातीच्या होल्डरमध्ये) फ्यूजतारेचे चार पदर घालणं, हे आपल्याकडे सर्रास होतं. तसं केल्यावर साखळीतला सगळ्यात कमजोर दुवा तुमच्या भिंतीतली वायर बनते.

विजेच्या लाइनवर झटके येत असतील तर फ्यूजच्या पुढे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये एमओव्ही (व्होल्टेजचा झटका गिळणारा पार्ट) लावता येतो. निळ्या किंवा पिवळ्या चकतीसारखा दिसतो, १०डी४७१ मागा. ४७१ म्हणजे ४७० व्होल्टला तो वाहू लागतो, त्यामुळे २३० च्या लाइनवर एरवी शांत असतो. प्रत्येक झटका गिळताना तो थोडा झिजतो आणि शेवटी बहुधा शॉर्ट होतो. म्हणूनच त्याची जागा फ्यूजच्या पुढे, मागे नाही. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की मात्र एमओव्हीवर विसंबू नका, प्लग काढा.

ब्रिज आणि कॅपॅसिटर

यात फार सांगण्यासारखं नाही. चार १एन४००७ डायोड किंवा तयार ब्रिज. डायोडवरची चंदेरी पट्टी ज्या टोकाला, तिकडून प्लस बाहेर येतो. कॅपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचा. अंगावरचा फिका पट्टा म्हणजे मायनस. उलटा लावला तर आत वायू तयार होतो आणि डोक्यावरच्या खाचा फाटून गरम द्रव उडतो. म्हणून पहिल्यांदा चालू करताना त्यावर वाकून पाहू नका. लहान वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट: कॅपॅसिटर हीटसिंकला चिकटून बसवू नका. तो दर १० अंश थंड राहिला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला कॅपॅसिटर ८५ ला ८००० तास, म्हणजे सतत चालू ठेवल्यास अकरा महिने टिकेल. तोच ६५ ला ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून जास्त. फरक फक्त दोन बोटं अंतराचा असतो.

७८०५ आणि त्याचा हीटसिंक

आता मुख्य हिशेब. कॅपॅसिटरवर सरासरी १० व्होल्ट, बाहेर ५, करंट अर्धा अँपिअर. ७८०५ मध्ये उष्णता अडीच वॅट.

उष्णतेलाही वाट लागते आणि वाटेत अडथळे असतात. दर वॅटमागे किती अंश चढतात, असे ते मोजतात. ७८०५ ला हीटसिंकच नसेल तर आतल्या सिलिकॉनपासून हवेपर्यंत दर वॅटला सुमारे ६५ अंश. अडीच वॅटला १६२ अंश, त्यात खोलीचे ३५ मिळवा. सिलिकॉनने १२५ च्या पुढे जाऊ नये अशी अपेक्षा असते. उघड आहे, जमणार नाही. उलट्या बाजूने पाहिलं तर हीटसिंकशिवाय तो जेमतेम १.४ वॅट झेपवतो, तेही ३५ अंशांच्या खोलीत. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत त्याहूनही कमी.

हीटसिंक निवडायचा कसा? डब्यातली हवा ५० अंश धरा, आणि सिलिकॉन १०० च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवा. हाताशी ५० अंश आहेत. अडीच वॅटने भागा: दर वॅटला २० अंश. यातले पाच अंश ७८०५ च्या आतच खर्च होतात, एक ७८०५ आणि हीटसिंक यांच्यामधल्या पेस्टच्या थरात. उरले १४. म्हणजे दर वॅटला १४ अंश किंवा त्याहून कमी असलेला हीटसिंक. आकडा जितका लहान, हीटसिंक तितका मोठा. नखाएवढी क्लिप असते ती साधारण २० ते २५ ची, ती इथे कमी पडेल. अनेक दुकानांत हा आकडा सांगता येत नाही. अशा वेळी चांगला बोटभर उंचीचा, पाकळ्या असलेला ॲल्युमिनियमचा घ्या आणि खाली सांगितल्याप्रमाणे मोजून खात्री करा.

बसवताना पेस्ट अगदी पातळ लावा. दोन धातूंच्या पृष्ठभागांवरच्या सूक्ष्म खड्ड्यांतली हवा घालवणं एवढंच तिचं काम. पोळीला तूप लावतो तेवढा थर पुरे. जाड थर उलट आडवा येतो. स्क्रू घट्ट, पण पत्रा वाकेपर्यंत नाही. पाकळ्या उभ्या ठेवा, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून वर निघून जाईल. डब्याला खाली आणि वर, दोन्हीकडे भोकं पाडा.

७८०५ ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते, त्यामुळे ती डब्याला टेकली तरी बिघडत नाही. पण ही सवय सगळीकडे नेऊ नका. एलएम३१७ या रेग्युलेटरची पाठ आउटपुटला असते, उणे ५ व्होल्ट देणाऱ्या ७९०५ ची इनपुटला, बहुतेक मॉस्फेटची (एका जातीच्या ट्रान्झिस्टरची) ड्रेन नावाच्या पायाला. दोन पार्ट एकाच हीटसिंकवर घेतले आणि मध्ये अभ्रकाचा तुकडा व स्क्रूला प्लास्टिकचा बुश घालायचं राहिलं, तर हीटसिंकमधूनच शॉर्ट होतो.

७८०५ च्या पायांना लागून इनपुटकडे ०.३३ आणि आउटपुटकडे ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर लावा. ते नसले तर तो कधी कधी आतल्या आत थरथरतो आणि विनाकारण तापतो. आउटपुटला मोठा कॅपॅसिटर लावणार असाल तर एक १एन४००७ आउटपुटकडून इनपुटकडे लावा, पट्टी इनपुटच्या बाजूला. सप्लाय बंद होताना पुढच्या कॅपॅसिटरमधला साठा ७८०५ मधून उलटा न जाता या डायोडमधून निघून जातो.

एवढी उष्णता फुकट घालवण्यापेक्षा एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल (झपाट्याने चालू-बंद होऊन कमी तापणारा रेग्युलेटर) का लावू नये, असं कोणी विचारेल. करंट अर्ध्या अँपिअरच्या बराच पुढे गेला की मी तेच लावतो. फक्त लोड जोडण्याआधी त्यावरचा छोटा स्क्रू फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणायला विसरू नका. पण पहिला सप्लाय ७८०५ चाच करा. त्यात उष्णता दिसते आणि बोटाला कळते.

रिले लावणार असाल तर

या सप्लायवर सगळ्यात आधी कोणी काही लावत असेल तर तो रिले. ५ व्होल्टच्या छोट्या चौकोनी रिलेचं वेटोळं साधारण ७० ओहमचं, म्हणजे ७० मिलिअँपिअर. तो चालू-बंद करणाऱ्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरची मर्यादा १०० ची. चालतो, पण बीसी३३७ बरा. धोका चालू करताना नसतो, बंद करताना असतो. वेटोळ्यातला करंट एका झटक्यात थांबत नाही. ट्रान्झिस्टरने वाट बंद केली की वेटोळं स्वतःच व्होल्टेज वाढवत नेतं, आणि ते शंभराच्या पुढे सहज जातं. बीसी५४७ सोसतो ४५ व्होल्ट. म्हणून रिलेच्या दोन पायांवर आडवा एक १एन४००७ लावा, पट्टी प्लसकडे. बंद करताना करंट त्या डायोडमधून गोल फिरून विझतो. हा दोन रुपयांच्या आसपासचा डायोड विसरल्यामुळे गेलेले ट्रान्झिस्टर मी इतके पाहिले आहेत की कोणाचंही सर्किट हातात आलं की माझी नजर आधी रिलेपाशी जाते.

पहिल्यांदा चालू करताना

थेट प्लग लावायचा नाही. रिपेअरवाल्यांच्या टेबलावर सिरीज बल्ब असतो, तो करून घ्या: फेजच्या वायरमध्ये होल्डर, त्यात साधा तारेचा बल्ब, आणि पुढे सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. थंड तारेचा रोध कमी असतो आणि करंट वाढला की तार तापून तो जवळपास दहापट होतो, म्हणजे बल्बच करंटला आवर घालतो. या छोट्या ट्रान्सफॉर्मरला ४० वॅटचा किंवा त्याहून लहान बल्ब घ्या. सगळं ठीक असेल तर बल्ब विझलेलाच दिसेल. तो सतत उजळलेला राहिला, मंद का होईना, तर प्लग काढा आणि शॉर्ट शोधा.

बल्ब विझलेला असेल तर मल्टिमीटरने कॅपॅसिटरवर मोजा. लोड नसताना १३-१४ व्होल्ट दिसतील. आउटपुटला ४.८ ते ५.२ च्या मध्ये. मोजण्याआधी मीटरची लाल वायर कुठल्या भोकात आहे ते पाहा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे नुसती वायर होते. अनेक स्वस्त मीटरांत त्या भोकाला फ्यूजही नसतो.

आता सिरीज बल्ब काढा आणि लोड द्या. १० ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर आणा. ५ व्होल्टवर तो नेमका अर्धा अँपिअर घेतो आणि स्वतः अडीच वॅट तापतो, म्हणून त्याला फरशीच्या तुकड्यावर ठेवा, टेबलाच्या सनमायक्यावर नाही. अर्धा तास चालू द्या आणि शेजारी बसा.

अर्ध्या तासाने हीटसिंक मोजा. मीटरसोबत तापमानाची तार मिळाली असेल तर ती टेकवा. १४-१५ चा हीटसिंक आणि खोली ३० अंश असेल तर तो ६५-६७ च्या आसपास हवा. तार नसेल तर बोट, फक्त ५ व्होल्टच्या बाजूला आणि फक्त ग्राउंडच्या धातूला: बोट सहज टेकवून ठेवता येत असेल तर ५० च्या आत, एक-दोन सेकंदांत उचलावं लागलं तर ६० च्या वर. हीटसिंक कोमट आणि ७८०५ चं काळं अंग मात्र भाजणारं असेल, तर उष्णता पुढे जातच नाहीये. स्क्रू सोडून पेस्ट पाहा. दोन्ही सारखेच फार गरम असतील तर हीटसिंक लहान आहे. ट्रान्सफॉर्मरही हाताळून पाहा, पण प्लग काढून.

त्या मुलीने हेच केलं. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, योग्य हीटसिंक, रिलेवर डायोड. तिच्या वहीत आता प्रत्येक पार्टसमोर तीन रकाने आहेत: व्होल्ट, अँपिअर, वॅट.

सगळं जमलं की डबा बंद करून पुन्हा तासभर चालवा, कारण बंद डब्यातली हवा वेगळी असते. त्यानंतर फ्यूजच्या होल्डरशेजारी पक्क्या मार्करने लिहा: टी १०० मिलिअँपिअर, आणि आत दुसऱ्या होल्डरपाशी टी १ अँपिअर. दोन-दोन जादा फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतून चिकटवून ठेवा.